ग्रहांच्या पोटात काय दडलंय, याचा शोध शास्त्रज्ञ का घेतात?

मोबाईलवर नकाशा उघडला की आपण उभे असतो त्या जागी एक निळा ठिपका दिसतो. त्या ठिपक्यातून एक फिकट निळा झोत बाहेर पडलेला असतो. आपण वळलो की तोही वळतो आणि 'आता डावीकडे जायचं की उजवीकडे' हा प्रश्न सुटतो.

ठिपका उपग्रहांमुळे दिसतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे फोनला कळतं ते त्याच्यातल्या इवल्याशा चुंबकीय सेन्सरमुळे. हा सेन्सर पृथ्वीच्या ज्या चुंबकीय क्षेत्राचा माग घेतो, ते तयार होतं आपल्या पायाखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोल, वितळलेल्या लोखंडाच्या महासागरात.

तिथे आजवर कुणी गेलेलं नाही आणि जाण्याची शक्यताही नाही. तरीही पृथ्वीच्याच नव्हे, तर चंद्र, मंगळ, गुरू आणि शनीच्याही पोटात काय आहे, हे शोधण्यासाठी जगभरातले शास्त्रज्ञ आयुष्य वेचत आहेत. मंगळाच्या अंतरंगाचा अभ्यास करणाऱ्या 'इनसाईट' या एकाच मोहिमेवर सुमारे ८० कोटी डॉलर खर्च झाले.

जे डोळ्यांना कधीच दिसणार नाही, ते शोधण्यासाठी एवढा खटाटोप कशासाठी? आणि न पाहता ते कळतं तरी कसं?

सरळ खड्डा खोदून का पाहत नाहीत?

तसा प्रयत्न झाला होता. तत्कालीन सोव्हिएत संघाने १९७० साली नॉर्वेच्या सीमेजवळ कोला द्वीपकल्पात एक विवर खोदायला घेतलं. फार रुंद नाही, साधारण वीतभर व्यासाचं. जवळपास २० वर्षं हे काम चाललं आणि १९८९ मध्ये खोली १२,२६२ मीटरपर्यंत पोहोचली. म्हणजे सव्वाबारा किलोमीटर.

तिथे तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास असेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात ते १८० अंश निघालं. एवढ्या उष्णतेत आणि दाबाखाली खडक मऊ पडून हळूहळू सरकायला लागतो, त्यामुळे खोदलेलं भोक पुन्हा मिटत जातं. शेवटी काम थांबवावं लागलं. आज त्या विवरावर लोखंडी झाकण आहे.

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून केंद्रापर्यंतचं अंतर आहे ६,३७१ किलोमीटर. म्हणजे २० वर्षं राबून माणूस जेमतेम ०.२ टक्के खोल गेला. पृथ्वी हा आंबा मानला, तर आपण अजून त्याची सालसुद्धा पार केलेली नाही.

मग आत काय आहे, हे कळलं कसं?

पहिला धागा मिळाला तो वजनातून. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने १७९८ साली शिशाच्या गोळ्यांमधलं गुरुत्वाकर्षण मोजून पृथ्वीची सरासरी घनता काढली. पृथ्वी पाण्याच्या साधारण साडेपाच पट जड भरली.

आपल्या आजूबाजूचे खडक मात्र पाण्याच्या पावणेतीन ते तीन पटच जड असतात. वरचा माल हलका आणि सरासरी एवढी जड, याचा अर्थ आत काहीतरी फार जड असणार. लोखंडासारखं.

दुसरा धागा मिळाला भूकंपातून. बाजारात कलिंगड घेताना आपण त्यावर टिचकी मारून पाहतो. ते न कापताच, आवाजावरून आत काय असेल याचा अंदाज बांधतो. भूकंप म्हणजे निसर्गाने पृथ्वीवर मारलेली टिचकी. त्या धक्क्याच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून आरपार जातात आणि दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या भूकंपमापकावर उमटतात. वाटेत खडक बदलला की लहरींचा वेग बदलतो, त्या वळतात, परावर्तित होतात किंवा मध्येच नाहीशा होतात.

या गोष्टीचा भारताशी थेट संबंध आहे. १२ जून १८९७ रोजी आसाम-मेघालय भागात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात काम करणाऱ्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. एकाच भूकंपातून वेगवेगळ्या प्रकारच्या लहरी निघतात आणि त्या वेगवेगळ्या वेळी पोहोचतात, हे त्यांनी नोंदींमधून दाखवलं. त्याच वाटेने पुढे जात १९०६ साली त्यांनी मांडलं की पृथ्वीला वेगळा गाभा आहे.

भूकंपाच्या दोन प्रकारच्या लहरी इथे महत्त्वाच्या. 'पी' लहरी घन आणि द्रव दोन्हींतून जातात. 'एस' लहरी मात्र द्रवातून जाऊच शकत नाहीत. या एस लहरी गाभ्यातून पलीकडे येत नाहीत, हे लक्षात आल्यावर गाभा द्रवरूप आहे, हे स्पष्ट झालं.

पण गोष्ट इथे संपली नाही. डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमन यांना १९२९ च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या नोंदींत एक विसंगती दिसली. जिथे पोहोचायलाच नको होत्या, अशा ठिकाणी काही पी लहरी पोहोचल्या होत्या. तेव्हा संगणक नव्हते. लेमन कार्डांवर नोंदी लिहून त्या ओट्सच्या रिकाम्या खोक्यांमध्ये लावून ठेवत, अशी आठवण त्यांच्या एका नातेवाइकांनी सांगितली आहे. १९३६ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: द्रवरूप गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे. तो घन आहे, हे पुढे सिद्ध झालं. या शास्त्रज्ञ महिला तब्बल १०४ वर्षं जगल्या.

आज जे चित्र आपल्यासमोर आहे, ते असं: सर्वांत वर कवच. समुद्राखाली ते काही किलोमीटरच जाड असतं, तर मोठ्या पर्वतांखाली ७० किलोमीटरपर्यंत. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत खडकाळ प्रावरण. मग वितळलेल्या लोखंड-निकेलचा बाह्य गाभा. आणि सर्वांत आत सुमारे १,२२० किलोमीटर त्रिज्येचा घन गोळा.

या गोळ्याचं तापमान सूर्याच्या पृष्ठभागाएवढं, म्हणजे पाच हजार अंशांहून जास्त आहे. तरीही तो वितळत नाही, कारण केंद्राशी दाब आपल्या वातावरणाच्या दाबाच्या ३५ लाख पटींहून अधिक आहे.

या गाभ्याचा आपल्या जगण्याशी काय संबंध?

बाह्य गाभ्यातलं वितळलेलं लोखंड सतत ढवळलं जातं. आतली उष्णता वर येते, थंड झालेला भाग खाली जातो आणि त्यात पृथ्वीचं फिरणं मिसळतं. विजेची वाहक असलेली ही धातूची घुसळण एखाद्या जनित्रासारखं काम करते. त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते हजारो किलोमीटर बाहेर अवकाशात पसरतं.

सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांचा मारा हे क्षेत्र मोठ्या प्रमाणात अडवतं. त्यातूनही मोठं सौरवादळ आलंच, तर काय होतं, याची झलक १९८९ च्या मार्च महिन्यात कॅनडाच्या क्युबेक प्रांताला मिळाली. काही मिनिटांत तिथलं वीजजाळं कोसळलं आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. चुंबकीय कवच असताना ही गत होते, तर ते नसताना काय होईल, याची कल्पना करता येते.

या क्षेत्रावर नजर ठेवण्याच्या कामात मुंबई आणि अलिबागचा वाटा मोठा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये आलेलं सौरवादळ हे आजवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या वादळांपैकी एक मानलं जातं. त्या वेळी कुलाब्यात घेतलेली नोंद जगभरातले शास्त्रज्ञ आजही वापरतात.

पुढे मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार, असं ठरलं. विजेच्या प्रवाहामुळे चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली. चुंबकीय परिणाम होणार नाही, अशा साहित्यातून तिची इमारत बांधली गेली. काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे मालिका तुटू नये. अलिबागची ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आजही सुरू आहे. समुद्रकिनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्या किती पर्यटकांना हे ठाऊक असेल, हा भाग वेगळा.

एवढी वर्षं सतत मोजायची गरज काय? कारण हे क्षेत्र स्थिर नाही. चुंबकीय उत्तर ध्रुव १८३१ साली कॅनडात सापडला होता. तेव्हापासून तो सरकतो आहे आणि आता सायबेरियाच्या दिशेने चालला आहे. त्यामुळे फोन, विमानं आणि जहाजं ज्याच्या आधारे दिशा ठरवतात, ते 'जागतिक चुंबकीय प्रारूप' दर पाच वर्षांनी सुधारावं लागतं. ध्रुव इतक्या वेगाने सरकला की २०१९ मध्ये ही सुधारणा ठरलेल्या वेळेआधीच करावी लागली होती.

'पृथ्वीचा गाभा थांबला' या व्हायरल बातमीचं काय?

जानेवारी २०२३ मध्ये 'पृथ्वीचा गाभा फिरायचा थांबला, आता उलटा फिरणार' अशा बातम्या आणि रील्स झपाट्याने पसरल्या. काहींनी त्याला थेट जगबुडीशी जोडलं.

मूळ संशोधन पेकिंग विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांचं होतं. एकाच ठिकाणी वारंवार होणाऱ्या भूकंपांच्या लहरींची त्यांनी तुलना केली. त्यावरून घन गाभ्याचा वेग पृथ्वीच्या वरच्या थरांच्या तुलनेत बदलतो आणि २००९ च्या आसपास हा फरक जवळपास शून्यावर आला, असं त्यांनी मांडलं.

'तुलनेत' हा शब्द इथे कळीचा आहे. दोन लोकल शेजारच्या रुळांवरून एकाच दिशेने, एकाच वेगाने धावत असतील, तर खिडकीतून पाहताना बाजूची लोकल थांबल्यासारखी वाटते. ती जराशी मागे पडली, तर उलटी जातेय असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही गाड्या पुढेच जात असतात. गाभ्याचंही तसंच. तो पृथ्वीसोबत दिवसाला एक फेरी घेतोच आहे, फरक आहे तो अगदी किंचित.

२०२४ साली 'नेचर'मध्ये आलेल्या आणखी एका अभ्यासातही २०१० च्या सुमारापासून गाभा संथ झाल्याचं म्हटलं आहे. यामुळे दिवसाच्या लांबीत फरक पडलाच, तरी तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल. जगबुडीचा यात काही संबंध नाही.

कोयना आणि किल्लारीने काय शिकवलं?

पृथ्वीच्या पोटातली उष्णता महाराष्ट्राच्या भूगोलात ठळक दिसते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. थरावर थर साचत गेले आणि त्यातून दख्खनचं पठार तयार झालं. सह्याद्रीचे कडे, रायगडाचा कातळ, अजिंठा-वेरूळची लेणी ज्यात कोरली तो काळा पाषाण, हे सगळं एकेकाळी पृथ्वीच्या पोटातला वितळलेला दगड होतं.

या कठीण पाषाणामुळे महाराष्ट्राची भूमी भक्कम आहे, असा समज बराच काळ होता. तो दोनदा मोडला.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसं दगावली. धरणाच्या जलाशयात पाणी साठवायला लागल्यानंतर या भागात धक्के जाणवू लागले होते. जलाशयाचं वजन आणि जमिनीत झिरपणारं पाणी यांमुळे आधीच ताण असलेल्या भेगा सरकू शकतात, याचं कोयना हे जगातलं सर्वांत जास्त अभ्यासलं गेलेलं उदाहरण आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तर महाराष्ट्र विसरू शकत नाही. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन करून गावं झोपली होती. चारच्या सुमारास किल्लारी आणि आसपासच्या गावांतली दगड-मातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे दहा हजार लोकांचा बळी गेला. त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

पुढे भारताचा भूकंप-नकाशा बदलण्यात आला. २००२ च्या नकाशात 'सर्वांत सुरक्षित' हा पहिला पट्टाच काढून टाकला गेला. कुठल्या भागात घर, शाळा, पूल किती मजबूत बांधायचे, हे या नकाशावरून ठरतं. जमिनीखाली काय चाललंय, हे न कळण्याची किंमत किती असते, हे किल्लारीने दाखवलं.

कोयनेत आता शास्त्रज्ञ थेट भूकंपांच्या जवळ जाऊन पाहत आहेत. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराडजवळ बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारली आहे. तिच्यामार्फत गोठणे इथे तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विवर खोदण्यात आलं. सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट पार केल्यावर खाली ग्रॅनाईटसारखा कितीतरी जुना खडक लागला. तिथलं तापमान, दाब, खडकांतल्या भेगा आणि पाणी यांचा अभ्यास सुरू आहे.

यातून 'अमुक तारखेला, इतक्या वाजता भूकंप होणार' असं सांगता येईल का? नाही. जगात कुठेही अजून ते शक्य झालेलं नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपवर तारीख-वेळेसह येणारा भूकंपाचा कुठलाही मेसेज पुढे पाठवण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं. धोका कुठे जास्त आहे, हे मात्र सांगता येतं आणि त्यानुसार घरं मजबूत बांधता येतात.

पृथ्वीचं समजलं, पण मंगळ कशाला?

एकाच घरातली दोन भावंडं. एक धडधाकट राहिलं आणि दुसरं अकाली थकलं. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर दोघांनाही तपासावं लागेल. पृथ्वी आणि मंगळाचं असंच आहे.

मंगळावर कोरडी नदीपात्रं आहेत, तळ्यांचे तळ आहेत. अब्जावधी वर्षांपूर्वी तिथे पाणी वाहत होतं. आज मात्र तिथली हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ आहे आणि पृष्ठभाग कोरडा ठणठणीत.

मंगळाच्या जुन्या खडकांमध्ये चुंबकत्वाच्या खुणा सापडल्या आहेत. म्हणजे कधीकाळी त्याच्याही पोटात पृथ्वीसारखं जनित्र चालू होतं. सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी ते बंद पडलं. त्यानंतर सौरवाऱ्याने मंगळाचं वातावरण हळूहळू ओढून नेलं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. नासाचं 'मेव्हन' हे यान २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचलं आणि वातावरण आजही निसटत असल्याचं त्याने मोजून दाखवलं.

हे जनित्र का बंद पडलं, याचं उत्तर मंगळाच्या पोटात आहे. त्यासाठीच 'इनसाईट' हे यान २६ नोव्हेंबर २०१८ रोजी मंगळावर उतरलं. त्याच्या यांत्रिक हाताने एक अतिसंवेदनशील भूकंपमापक अलगद जमिनीवर ठेवला. चार वर्षांत त्याने १,३०० हून अधिक कंपनं टिपली. सर्वांत मोठं कंपन ४ मे २०२२ रोजी झालं, ४.७ तीव्रतेचं. पृथ्वीवर एवढा भूकंप किरकोळ ठरला असता. मंगळावर मात्र तो मोठाच होता.

२४ डिसेंबर २०२१ रोजी तर एक उल्का मंगळावर आदळली आणि सुमारे दीडशे मीटर रुंदीचं विवर पडलं. वरून फिरणाऱ्या यानाने विवराचे फोटो काढले आणि खाली इनसाईटने त्याचा हादरा टिपला. टिचकी नेमकी कुठे बसली हे ठाऊक असल्याने आतला अंदाज अधिक नेमका बांधता आला.

सगळंच जमलं असं नाही. जमिनीत पाच मीटरपर्यंत शिरून उष्णता मोजणारा 'मोल' नावाचा खिळा मंगळाच्या मातीत रुतलाच नाही. जवळपास दोन वर्षं प्रयत्न करून जानेवारी २०२१ मध्ये तो नाद सोडावा लागला. डिसेंबर २०२२ मध्ये सौरपट्ट्यांवर धूळ साचून इनसाईटही बंद पडलं.

त्याने पाठवलेल्या नोंदींवर मात्र अजून काम चालू आहे. २०२१ मध्ये मंगळाच्या गाभ्याची त्रिज्या सुमारे १,८३० किलोमीटर असल्याचं सांगितलं गेलं. २०२३ मध्ये दोन वेगळ्या गटांनी हिशोब पुन्हा मांडला. गाभ्यावर वितळलेल्या खडकाचा एक थर आहे आणि आधी तो गाभ्यातच धरला गेला होता, असं त्यांनी दाखवलं. गाभ्याची त्रिज्या मग १,६५० ते १,६७५ किलोमीटरवर आली. २०२५ मध्ये आणखी एका अभ्यासाने मंगळालाही सुमारे ६०० किलोमीटर त्रिज्येचा घन आंतरगाभा असल्याचे पुरावे मांडले. यान बंद पडलं, तरी उत्तरं येतच आहेत.

शुक्राची गोष्ट आणखी वेगळी

शुक्र आकाराने जवळपास पृथ्वीएवढाच आहे. पण त्याचा पृष्ठभाग शिसं वितळेल इतका तापलेला आहे, साधारण ४६० अंश सेल्सियस. त्याला स्वतःचं चुंबकीय क्षेत्रही नाही.

पृथ्वीवर ज्वालामुखी पोटातला कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात. पाऊस आणि खडक तो पुन्हा बांधून समुद्रतळाशी नेतात आणि सरकणाऱ्या भूपट्टांसोबत तो परत पोटात जातो. लाखो वर्षांच्या हिशोबात हे चक्र पृथ्वीचं तापमान आटोक्यात ठेवतं. शुक्रावर असे सरकणारे भूपट्ट दिसत नाहीत. तिथलं चक्र तुटलं की सुरूच झालं नाही, हा मोठा प्रश्न आहे.

याच शुक्राकडे जाण्यासाठी भारताच्या मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. १,२३६ कोटी रुपयांच्या या मोहिमेत शुक्राचा पृष्ठभाग, त्याखालचा भाग आणि वातावरण यांचा अभ्यास करण्याचं ठरलं आहे.

चांद्रयान-३ ने काय ऐकलं?

चंद्राच्या पोटाचा कानोसा घ्यायला सुरुवात झाली ती अपोलो मोहिमांपासून. १९६९ ते १९७२ दरम्यान अंतराळवीरांनी चंद्रावर भूकंपमापक ठेवले. १९७७ मध्ये ते बंद करण्यात आले. पण त्या जुन्या नोंदी नव्या पद्धतीने तपासून २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी चंद्राच्या गाभ्याचे पुरावे मांडले. चौतीस वर्षांनंतर!

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या विक्रम लँडरवरही 'इल्सा' नावाचं कंपनमापक उपकरण होतं. त्याने प्रज्ञान रोव्हरच्या चालण्याची कंपनं टिपली आणि २६ ऑगस्टला एक नैसर्गिक वाटणारं कंपनही नोंदवलं. रोव्हरने केलेल्या मातीच्या तपासणीतून आणखी एका कल्पनेला बळ मिळालं. जन्मानंतर चंद्राचा बाहेरचा भाग वितळलेल्या खडकाचा समुद्र होता आणि त्यातले हलके खनिज वर तरंगून चंद्राचं कवच बनलं, ही ती कल्पना.

जिथे उतरायला जमीनच नाही, तिथे काय करतात?

गुरू आणि शनी हे वायूंचे प्रचंड गोळे. तिथे भूकंपमापक ठेवायचा तरी कुठे?

'जुनो' हे यान २०१६ पासून गुरूभोवती फिरतं आहे. ग्रहाच्या आत वस्तुमान कुठे जास्त, कुठे कमी, त्यानुसार यानाचा वेग किंचित बदलतो. यानाच्या रेडिओ संदेशांमधला फरक मोजून शास्त्रज्ञ हा बदल ओळखतात. त्यातून दिसलं की गुरूचा गाभा घट्ट गोळ्यासारखा नाही. साखर पाण्यात विरघळावी तसा तो आजूबाजूच्या हायड्रोजनमध्ये दूरवर मिसळलेला आहे.

शनीच्या बाबतीत तर त्याची कडीच कामी आली. शनीच्या पोटातल्या हालचालींमुळे त्याचं गुरुत्वाकर्षण किंचित हेलकावतं आणि कड्यांमध्ये तरंग उठतात. 'कॅसिनी' यानाने टिपलेल्या या तरंगांवरून शनीचाही गाभा पसरट असल्याचं २०२१ मध्ये मांडलं गेलं.

याच कॅसिनीने शनीच्या एन्सेलॅडस या चिमुकल्या चंद्रावर बर्फाच्या भेगांतून उसळणारे पाण्याचे फवारे पाहिले. बर्फाखाली समुद्र आहे आणि त्याला ऊब मिळते ती पोटातून. गुरूचा चंद्र युरोपा याच्याही बर्फाखाली समुद्र असल्याचे भक्कम पुरावे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं 'युरोपा क्लिपर' २०३० मध्ये तिकडे पोहोचेल. सूर्यापासून इतक्या दूर जीवसृष्टी असू शकते का, या प्रश्नाचं उत्तरही अशा रीतीने ग्रह-उपग्रहांच्या पोटातल्या उष्णतेशी जोडलेलं आहे.

पुढे काय?

सूर्यमालेबाहेर आजवर ६,००० हून अधिक ग्रह सापडले आहेत. त्यांतल्या एखाद्यावर जीवन असेल का, हे तपासताना ताऱ्यापासूनचं अंतर पाहिलं जातं. पण मंगळाचा धडा असा की अंतर योग्य असलं तरी पुरत नाही. ग्रहाचं पोट गरम आणि हलतं राहावं लागतं.

मातीत हात न घालता जमेल तेवढं शास्त्रज्ञांनी जमवलं आहे. आता अधिक जवळ जायची तयारी सुरू आहे. नासाचं 'ड्रॅगनफ्लाय' हे उडतं यान २०२८ मध्ये शनीचा चंद्र टायटनकडे निघणार आहे आणि २०३४ मध्ये पोहोचणं अपेक्षित आहे. त्याच्यासोबतही एक भूकंपमापक असेल. तिथे उतरल्यावर तो जमिनीला कान लावेल आणि वाट पाहील.

तोवर अलिबागच्या वेधशाळेत रोजची नोंद होत राहील आणि कोयनेच्या परिसरातली यंत्रं बारीकसारीक हादरे टिपत राहतील. आणि रस्ता शोधताना कुणीतरी मोबाईल हातात धरून जागच्या जागी वळेल, तेव्हा २,९०० किलोमीटर खोलवर घुसळणारं लोखंड त्याला नेहमीप्रमाणे दिशा दाखवेल.